बॅटरीच्या वाटणीचं पाणी

माझी सगळी नोकरी भोकं पडलेल्या पँटमध्ये गेली. ॲसिडचा थेंब कपड्यावर पडला की त्या वेळी काहीच दिसत नाही. संध्याकाळी माणूस घरी येतो, कपडे भिजत पडतात, आणि सकाळी बायको पँट पिळायला घेते तेव्हा गुडघ्याजवळ चाळणी झालेली असते. आमची ही म्हणायची, "तुम्ही बॅटऱ्या दुरुस्त करता की त्या तुम्हाला खातात?" मला याचं उत्तर कधी सुचलं नाही. खरं सांगायचं तर या धंद्यात मला बऱ्याच गोष्टींची उत्तरं सुचली नाहीत. दिवाळी अंकाच्या संपादकांनी "तुमचे अनुभव लिहा, वाचकांना ज्ञान मिळेल" असं म्हटलं, तेव्हा मी त्यांना आधीच बजावलं की ज्ञानाची खात्री देत नाही, गोंधळ भरपूर देईन.

मी साताऱ्याकडचा. पिंपरी-चिंचवडला कारखान्यांची धुराडी उभी राहत होती त्या काळात इकडे आलो आणि कासारवाडी स्टेशनजवळच्या एका बॅटरीच्या दुकानात चिकटलो. आधी सायकल, मग मालकांनी दिलेली जुनी फटफटी, तिच्या मागे लाकडी खोकं. भोसरीपासून पार चाकणच्या रस्त्यापर्यंत जिथे जिथे जनरेटर होता तिथे तिथे मी. लोक मला निकम म्हणून कमी आणि बॅटरीवाले म्हणून जास्त ओळखायचे.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जनरेटर कितीही मोठा असो, त्याचं डिझेल इंजिन पहिल्यांदा फिरवायला बॅटरी लागते. बॅटरीत शिशाच्या प्लेटा असतात आणि त्यांच्याभोवती पाण्यात मिसळलेलं गंधकाचं ॲसिड. चार्जिंग होताना यातलं पाणी उडतं, ॲसिड मागे राहतं. म्हणून अधूनमधून पाण्याची भर घालावी लागते, आणि ते पाणी डिस्टिल्ड लागतं, म्हणजे वाफ करून पुन्हा थंड केलेलं. ॲसिड मुळात बनवताना पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. नाहीतर ते उसळून तोंडावर येतं. पान्हा लावताना आधी अर्थची वायर काढायची आणि जोडताना ती शेवटी जोडायची. हातात अंगठी, घड्याळ नको. शेजारी खाण्याचा सोडा आणि साध्या पाण्याची बादली हवी, कारण सांडलेलं ॲसिड सोड्याने मरतं आणि बॅटरी वरून धुवायलाही तेच वापरतात. फक्त धुताना पाणी भरायच्या तोंडांवरचे सगळे प्लग घट्ट आवळलेले पाहिजेत, नाहीतर ते आत जातं. आणि चार्जिंगच्या खोलीत जाळ नको. बॅटरीतून जो वायू निघतो तो भडकतो.

एवढं सांगूनही माणसं काय करतील सांगता येत नाही. एका कारखान्यात खंडेनवमीला सगळ्या यंत्रांची पूजा चालली होती. मी पोचलो तेव्हा चार्जिंगला लावलेल्या बॅटरीवर झेंडूची माळ होती, हळदकुंकू होतं आणि सुपरवायझर पेटतं निरांजन घेऊन ओवाळायच्या तयारीत होते. मी ओरडून त्यांचा हात धरला. ते म्हणाले, "अहो, वर्षभर राबते ती. तिला ओवाळायचं नाही?" मी निरांजन बाहेर नेलं आणि आम्ही सगळ्यांनी दारातूनच बॅटरीला नमस्कार केला. त्या सुपरवायझरांनी पुढे कितीतरी दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. जीव वाचवल्यावर माणूस रागावतो कसा, हे मला आजही कळलेलं नाही.

पण हे किरकोळ झालं. खरा गोंधळ भिकोबा वाळुंजांच्या बॅटरीने घातला.

चाकणच्या वाटेवर एक कारखाना होता. लोखंडी भाग बनवायचे, ॲसिडमध्ये साफ करायचे आणि त्यांच्यावर निकेलचा मुलामा चढवायचा, असं तिथलं काम. ज्या जमिनीवर तो उभा होता तिच्यातला मोठा तुकडा भिकोबांचा. जमीन गेली, त्या बदल्यात नोकरी मिळाली आणि भिकोबा जनरेटर ऑपरेटर झाले. कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागूनच त्यांचं गाव. पन्नाशीला आलेला, उंच, डोक्याला पांढरी टोपी, बोलणं थोडं आणि सावकाश. जनरेटरची खोली त्यांनी गोठ्यासारखी जपली होती. फरशी झाडलेली, पुसायची फडकी दोरीवर वाळत घातलेली, बॅटरीच्या टोकांना व्हॅसलीन. मी तिथे गेलो की मला बरं वाटायचं.

त्यांना बॅटरीचं काम मीच शिकवलं. डिस्टिल्ड वॉटरचा कारबा, म्हणजे जाळीत बसवलेली ती मोठी फुगीर काचेची बाटली, त्यांच्या ताब्यात देताना मी जरा रंगातच आलो होतो. म्हणालो, "भिकोबा, याच्याइतकं शुद्ध पाणी जगात नाही. गंगेचंसुद्धा नाही. बॅटरीला हेच. नळाचं पाणी एक थेंब चालणार नाही. शपथ घ्या."

"घेतली," भिकोबा म्हणाले. "नळाचं न्हाई."

ती विजेच्या कपातीची वर्षं होती. वीज गेली की मुलाम्याच्या टाक्या थांबायच्या आणि आतला माल वाया जायचा, त्यामुळे जनरेटर लगेच उठला पाहिजे. आणि नेमका तोच उठेना. भिकोबा बटण दाबायचे, इंजिन एक उसासा टाकून गप्प व्हायचं. बॅटरी दुकानात आणून मी चार्ज केली, नीट चालली. परत नेऊन बसवली, काही आठवड्यांत पुन्हा मेली. नवी बॅटरी बसवली. तिचंही तेच झालं.

मी डोकं खाजवत बसलो. इंजिनवरचा चार्जिंग डायनॅमो तपासला, ठीक होता. वायरी बदलल्या. कुठे वीज गळतेय का पाहिलं, गळत नव्हती. आमचे मालक म्हणाले खोलीत उकाडा फार. कारखान्याचा इलेक्ट्रिशियन म्हणाला तुमचा मालच रद्दी. कँटीनवाल्याने मला बाजूला घेऊन सांगितलं की त्या जागेवर पूर्वी म्हसोबाचा दगड होता, त्याला न विचारता हलवलाय. त्या आठवड्यात तुम्ही मला विचारलं असतं तर म्हसोबाचं कारण मला सगळ्यांत पटण्यासारखं वाटलं असतं.

मेंटेनन्सचे मॅनेजर होते सोमणसाहेब. इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि कपाळाला कायम आठी. त्यांना मात्र काडीचा गोंधळ नव्हता. नुकताच कारखान्यात संप होऊन मिटला होता आणि भिकोबा युनियनच्या सभेला पुढे बसलेले त्यांनी पाहिले होते. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"निकम, ही बॅटरी आपोआप मरत नाही. मारली जातेय."

"साहेब, भिकोबा तसे नाहीत."

"मग दुसरं कारण आणून द्या. पुन्हा बॅटरी गेली तर त्या माणसाला मी गेटबाहेर काढणार. युनियनला काय ओरडायचं ते ओरडू दे."

मी बाहेर आलो तर भिकोबा दाराशीच उभे. त्यांनी सगळं ऐकलं होतं. म्हणाले, "निकमसायेब, जमीन तर गेलीच. आता ह्ये बी गेलं तर आमी जायाचं कुठं?" बॅटरी खोक्यात टाकून मी दुकानात आलो.

चार्जिंगला लावली आणि थोड्या वेळाने नाकाला वास आला. ॲसिडचा वास माझ्या ओळखीचा, पण हा तो नव्हता. म्युनिसिपालिटीचे लोक गटारावर ब्लीचिंग पावडर टाकतात ना, तसा. हा वास आला की बॅटरीवाल्याने समजायचं, आतल्या पाण्यात मिठाच्या जातीचं काहीतरी शिरलंय, आणि ते शिशाच्या प्लेटा कुरतडतंय. याची खात्री करायला आमच्याकडे सिल्व्हर नायट्रेटची छोटी बाटली असायची. पाण्यात दोन थेंब टाकायचे. पाणी चांगलं असेल तर निवळ राहतं, क्षार असतील तर दुधाळ होतं. मी तपासलं. दुधाळ.

म्हणजे डिस्टिल्ड वॉटरच खोटं निघालं! मला इतका आनंद झाला की मी फटफटीला जोरात किक मारून थेट कारखाना गाठला. कारब्यातलं पाणी परीक्षानळीत घेतलं आणि भिकोबांच्या समोर थेंब टाकले. पाणी काचेसारखं निवळ राहिलं. पुन्हा टाकले. तरी निवळ. कारब्यात शुद्ध पाणी, बॅटरीत खारट पाणी, आणि मधे फक्त भिकोबा. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे असे शांत पाहत होते की मला माझीच लाज वाटली.

"भिकोबा, खरं सांगा. नळाचं पाणी टाकलं का कधी?"

"आईची आन. नळाचं एक थेंब न्हाई."

हा माणूस खोटं बोलत नाही, हे मला कळत होतं. आणि हातातली नळीही खोटं बोलत नव्हती. मी तिथेच फरशीवर बसलो. भिकोबांना माझी दया आली असावी. म्हणाले, "जेवणाची सुट्टी झालीया. चला घरी. भाकरी खाऊन घ्या, मग सुचंल."

भिंतीला वळसा घातला की गाव. घर म्हणजे पुढे ओटा आणि आत दोन खोल्या. त्यांची म्हातारी आई, सोनाबाई, ओट्यावर लसूण निवडत बसली होती. मी टेकतो न टेकतो तोच ती उठली, आतून चकचकीत पितळी तांब्या-भांडं आणलं आणि माझ्या पुढे धरलं. पाव्हण्याला आधी पाणी, ही तिथली रीत.

मी घोट घेतला आणि तसाच थांबलो. पाण्याला चव नव्हती. वाईट नव्हती म्हणायचं तर चांगलीही नव्हती, काहीच नव्हती. ही बेचव मला पाठ होती. दुकानात माठ रिकामा असला की आम्ही बॅटरीवाले हेच पाणी पितो.

"आजी, हे पाणी कुठलं?"

सोनाबाई खूश झाली. "कंपनीचं हाय बाबा, औषिदाचं. पोटात लई कळा यायच्या, अंगाला खाज. डाक्टर म्हनला निव्वळ सुद पानी पाजा. माझ्या भिकानं आनलं. तवापास्नं बरं हाय बग. आलं-गेलं कुनी तर त्येला बी ह्येच देती."

मी भिकोबांकडे वळलो. त्यांच्या चेहऱ्यावर चोरी पकडल्याचं काहीच नव्हतं. उलट थोडा अभिमानच होता.

"तुमीच म्हनला व्हता ना, जगात ह्याच्यावानी सुद पानी न्हाई? गंगंचं बी न्हाई?"

"अहो, पण मग बॅटरीत काय घातलंत?"

"जेवढी भर लागंल तेवढी घरच्या पान्यानं घातली की. रोज किटलीनं कंपनीचं न्हेतो, भरंपुरतं आपलं आनतो. फुकट न्हाई घेतलं." त्यांनी ओट्यासमोर बोट दाखवलं. "आमच्या विहिरीचं."

मी नळाचं पाणी नको म्हणालो होतो. विहिरीचं नको, असं कुठे म्हणालो होतो? आणि ती विहीर म्हणजे त्यांच्या गावाची शान. आजूबाजूच्या वाड्यांतून पूर्वी लोक लग्नाच्या स्वयंपाकाला तिथून पाणी नेत. कंपनीच्या नळापेक्षा ते कमी कसं असेल, हा विचार त्यांच्या डोक्यात आलाच नव्हता. आईला डॉक्टरने सांगितलेलं पाणी द्यायचं आणि यंत्राला आपल्याकडचं चांगलं पाणी द्यायचं, इतका सरळ हिशेब. माणूस यंत्राचं पाणी पीत होता आणि यंत्र माणसाचं.

मी हसणार होतो. सगळं सुटलं असं वाटलं मला. नुसती खात्री करावी म्हणून विहिरीतून पोहरा काढला, नळीत पाणी घेतलं आणि दोन थेंब टाकले. पाणी नुसतं दुधाळ नाही झालं, ताकासारखं पांढरं फटक झालं. साध्या विहिरीचं पाणी इतकं होत नाही. मी मान वर केली. विहिरीपासून थोड्या अंतरावर कारखान्याची मागची भिंत होती, भिंतीला भोक होतं, आणि त्यातून हिरवट पाण्याचा एक नाला बारा महिने झिरपत होता. मुलाम्याच्या टाक्या भिंतीच्या पलीकडेच होत्या.

कुणीतरी बाई घागर घेऊन आली आणि माझ्या शेजारून पाणी भरून गेली. मला तिला थांबवायचं होतं. काय म्हणून थांबवू, ते कळेना. भिकोबांना म्हणालो, "हे पाणी पिऊ नका. कोणालाच पिऊ देऊ नका." तेव्हा तो शांत माणूस पहिल्यांदा माझ्यावर चिडला. "बॅटरीचं बोला सायेब. विहिरीला नावं ठिवू नगा. माझ्या आज्यानं खांदली हाय ती."

सोमणसाहेबांच्या केबिनपर्यंतचा रस्ता मला फार लांब वाटला. खरं सांगावं तर भिकोबांची नोकरी जाते: डिस्टिल्ड वॉटर घरी नेलं, भलतंच पाणी बॅटरीत घातलं. खोटं सांगावं तर गाव तेच पाणी पीत राहतं. मी काही इंजिनिअर नाही, पुढारी नाही. मी बॅटरीवाला. दारावर टकटक केली तेव्हासुद्धा काय बोलायचं ते ठरलं नव्हतं.

"बॅटरीत विहिरीचं पाणी गेलंय, साहेब," मी म्हणालो.

"म्हणजे त्यानेच घातलं!" सोमणसाहेब खुर्चीत पुढे सरकले. "मी काय म्हणत होतो? आजच्या आज काढतो त्याला."

मी दोन नळ्या त्यांच्या टेबलावर ठेवल्या, एक कारब्यातली, एक भिंतीमागच्या विहिरीतली. "काढायचं तर कारण सांगावं लागेल, साहेब. विहिरीच्या पाण्याने बॅटरी मेली असं. मग युनियन विचारेल, विहिरीच्या पाण्यात असं काय आहे?"

हे मी कसं बोललो, देव जाणे. ठरवून बोललो नव्हतो. सोमणसाहेब त्या पांढऱ्या नळीकडे बघत राहिले. मग खिडकीकडे. त्यांच्या खिडकीतून मागची भिंत दिसत नव्हती, पण ते तिकडेच बघत होते. मग म्हणाले, "बॅटरीच सदोष होती, निकम. तुमच्या दुकानाचा माल सदोष होता. असंच झालंय. समजलं?"

मला समजलं आणि नाहीही समजलं. भिकोबांची नोकरी वाचली, आणि बॅटरी मी दुकानात उलटी करून, आतून धुऊन, नवं ॲसिड भरून परत बसवली. आमच्या दुकानावर ठपका आला आणि मालकांनी मला फैलावर घेतलं. पुढच्या काही महिन्यांत कारखान्याने "ग्रामसेवा" म्हणून गावात नळ आणून दिला आणि विहिरीवर लोखंडी झाकण बसवलं. का बसवलं ते कोणीच बोललं नाही. हिरवा नाला सिमेंटच्या पाइपात घालून आणखी खाली नेऊन सोडला. खाली कोणाची विहीर होती, हे मी कधी पाहायला गेलो नाही.

नळाच्या उद्घाटनाला मीही होतो, कारण त्याच दिवशी जनरेटरच्या सर्व्हिसिंगला आलो होतो. सोमणसाहेबांना हार घातला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्यांचा राग यावा की आभार मानावेत, ठरेना. त्यांनीही माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि नजर वळवली. त्यांचाही गोंधळ झाला असेल का? असेल कदाचित. मला आवडेल तसं मानायला.

नारळ सोनाबाईंच्या हातून फोडला. पहिला तांब्या भरला आणि गर्दीतून वाट काढत ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"ह्यो घे बाबा. तुझ्या बॅटरीला घाल. तिच्या वाटनीचं लई पानी प्याले मी. तिचा तळतळाट नगं."

मी तो तांब्या दोन्ही हातांनी घेतला. नळाचं पाणी बॅटरीला चालत नाही, हे तिला कुठल्या तोंडाने सांगणार? मी तांब्या सांभाळत जनरेटरच्या खोलीत आलो. मागोमाग भिकोबा आले आणि दारात उभे राहिले. मी अर्थची वायर काढली, सगळे प्लग आवळले, बॅटरीच्या पाठीवर सोडा टाकला आणि सोनाबाईंच्या तांब्यातलं पाणी वरून हळूहळू सोडलं. सोडा फसफसला, मळ वाहून गेला. फडक्याने मी बॅटरी कोरडी पुसली.

"आत न्हाई ना ग्येलं?" भिकोबांनी विचारलं. "नळाचं हाय."

"नाही गेलं. वरूनच धुतली."

ते बरं म्हणाले, पण गेले नाहीत. टोपी काढून हातात घेतली, पुन्हा डोक्यावर ठेवली. मग म्हणाले, "निकमसायेब, ह्या बॅटरीत खराब पानी ग्येलं, तर तुमी दुकानात न्हेऊन उलटी केली, आतून धुतली, नवं भरलं आन् झाली चालू. विहिरीचं असं कायतरी करता येतं का?"

मी बॅटरीवाला. मला ठाऊक नव्हतं, आणि आजही ठाऊक नाही. भिकोबा उत्तराची वाट पाहत दारात उभे होते. मी पान्हा घेऊन सगळे प्लग पुन्हा एकदा आवळले. ते आधीच घट्ट होते.